भीती न वाटायची गोळी

मेडिकलच्या काउंटरला माणसं काय काय मागतात ते सांगत बसलो तर रात्र सरंल. उंची वाढायची पावडर मागतात, दारू सोडवायची गोळी मागतात ती पण "त्याला कळू न देता भाजीत टाकता येईल अशी", मे महिन्यात ऊन न लागायचं काहीतरी द्या म्हणतात, आणि भरतीचा सीझन आला की पोरं येतात स्टॅमिनाचं मागायला. त्यांना मी केळी खा आणि रात्री मोबाईल बाजूला ठेवून झोप म्हणून परत पाठवतो, ते तोंड वाकडं करून पुढच्या दुकानात जातात. पण भीती न वाटायची गोळी कुणी मागितली नव्हती.

मागणारा आमच्याच गल्लीतला पोरगा. नाव लिहीत नाही. वय एकोणीस, वडील टॉवेलच्या कारखान्यात मागावर, आई घरी, तिला दमा, पाठची एक बहीण नववीला. पोरगा अग्निवीरला लागला, मराठा लाइट इन्फंट्री, म्हणजे ट्रेनिंग बेळगावला. आणि गंमत बघा, तो मला जेव्हा हे विचारत होता तेव्हा दुकानासमोरच्या खांबावर त्याचाच फ्लेक्स फडफडत होता. सोलापुरात फ्लेक्सशिवाय काहीच होत नाही हे तुम्हाला माहितीच आहे, कुणाच्या पुतण्याचा वाढदिवस असू दे नायतर कुणी दहावी पास झालेलं असू दे. ह्याच्या फ्लेक्सवर मधे हा, मागं वाघ, वाघाच्या मागं एक रणगाडा (पायदळात चाललाय, रणगाड्याचा काय संबंध, पण डिझाईनवाल्याकडं तोच फोटो असणार), खाली मित्रमंडळाची गॉगल घातलेली तीस-चाळीस तोंडं आणि वर मोठ्या अक्षरात "सोलापूरचा ढाण्या वाघ". तर हा ढाण्या वाघ गिऱ्हाईक कमी व्हायची वाट बघत कोपऱ्यात उभा राहिला आणि सगळे गेल्यावर बारक्या आवाजात म्हणाला, "काका, भीती न वाटायची गोळी असती का?"

म्हणलं काय होतंय सांग. तर म्हणे झोप लागंना, पडलं की छातीत धडधडतंय, हात गार पडतात, जेवण जाईना, सकाळी पोट बिघडतंय. घरी सांगितलं का? नाही. वडिलांनी पेढे वाटलेत, फ्लेक्स लावलाय, आता कसं सांगायचं.

आता खरं सांगायचं तर तसल्या गोळ्या आहेत. प्रोप्रॅनोलॉल म्हणून एक आहे, अॅड्रेनलिनचा शरीरावरचा परिणाम दाबते, धडधड आणि हाताची थरथर कमी होते. पण डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती द्यायची नाही, दम्याच्या माणसाला तर धोक्याचीच, आणि ह्याच्या आईला दमा आहे म्हणजे घरात तसली स्ट्रिप पडून राहणं पण नको. वर ती हृदयाचा वेग धरून ठेवते, मग पळणाऱ्या पोरानं घेऊन करायचं काय. दुसरी अल्प्राझोलाम, ती शेड्यूल एच वनमधली, प्रत्येक विक्री रजिस्टरला चढवावी लागते आणि तिची सवय लागते ती सुटता सुटत नाही. हे सगळं मी त्याला समजावून सांगत होतो, तेवढ्यात स्टुलावरून पेपर खाली न करताच आवाज आला.

"गोळी आहे की बे. एकशेपंचावन्न एमएमची. त्रेचाळीस किलोला एक. ती आली की भीतीबिती काय राहत नाही."

पोराला हसावं का नाही कळंना.

स्टुलावर आण्णा होते. आण्णा म्हणजे रिटायर सुभेदार, तोफखान्यातले, मूळचे मंगळवेढ्याकडचे, आता आमच्या मागच्या गल्लीत घर बांधलंय. रोज सकाळी बीपीच्या गोळीचं निमित्त काढून येतात, खरं येतात ते माझ्याकडचा 'संचार' पेपर वाचायला. नाशिक रोडच्या आर्टिलरी सेंटरला ट्रेनिंग झालं, १९९९ ला नाईक होते आणि कारगिलच्या लढाईत द्रासला बोफोर्स तोफेवर होते. गल्लीत पंधरा ऑगस्टला त्यांना भाषणाला बोलावतात, ते येतात, झेंड्याला सॅल्यूट करतात आणि भाषणाच्या आधी घरी जातात. कारगिलचं मी त्यांच्या तोंडून तोपर्यंत फारसं काही ऐकलेलं नव्हतं, विचारलं की म्हणायचे थंडी लई होती, संपलं.

त्या दिवशी पेपर घडी घालून ठेवला आणि पोराला विचारलं, "कशाची भीती वाटायलीय?"

"सगळ्याचीच आण्णा."

"सगळ्याची भीती नसती बे. सगळ्याची म्हणतोस म्हणजे नाव घ्यायचीच भीती वाटायलीय. ओ मालक, ते खोकं द्या."

टॉनिकच्या बाटल्यांचं रिकामं खोकं होतं, त्याचं झाकण फाडलं, एमआरनं दिलेलं पेन माझ्या खिशातून काढून घेतलं आणि पोराला म्हणाले, लिही. एकेक लिही, मोठ्या अक्षरात, मला चष्मा नाही. पोरगा फ्रिजच्या बाजूला उभ्या उभ्या लिहायला लागला. मधेच थांबायचा, रस्त्याकडं बघायचा, परत लिहायचा. मी गिऱ्हाईक करत करत वाकून बघत होतो. पहिल्यांदा लिहिलं 'हिंदी'. मग 'रोप', म्हणजे दोरावर चढणं. मग 'पाणी', त्याच्याखाली दोन रेघा. मग 'आईचा दमा रात्री'. मग 'मरण', ते खोडलं, परत लिहिलं. सगळ्यात शेवटी 'चार वर्षं'.

आण्णांनी खोक्याचं झाकण लांब धरून वाचलं. "मरण पाचवं. डोकं जाग्यावर आहे तुझं," म्हणाले. आणि झाकण घडी घालून खिशात टाकलं, म्हणाले उद्या सकाळी साडेपाचला बाहेर पड.

इथं मला माझं एक मत सांगायचंय. ह्या पोराला तोपर्यंत भेटलेल्या प्रत्येक माणसानं एकच गोष्ट सांगितली होती, घाबरू नको. वडील म्हणाले घाबरू नको, मित्र म्हणाले आपण कुणाच्या बापाला घाबरत नसतो, कॉलेजच्या सरांनी फेटा बांधून तेच सांगितलं. ह्यातला कुणी वाईट नाही, पण घाबरू नको म्हणल्यानं आजपर्यंत एक तरी माणूस घाबरायचा थांबलाय का? पोरगं काय शिकतं, तर लपवायला शिकतं. दिवसा छाती काढून फिरायचं आणि रात्री पंख्याकडं बघत पडायचं. आण्णांनी ते दोन शब्द एकदाही उच्चारले नाहीत, मी मुद्दाम लक्ष ठेवून होतो.

शरीराचं काय होतंय ते मी त्याला सांगितलं, तेवढं माझ्या धंद्यातलं आहे. मूत्रपिंडाच्या वर दोन बारक्या ग्रंथी असतात, धोका दिसला की तिथून अॅड्रेनलिन सुटतं, हृदय जोरात चालतं, रक्त मांड्यांकडं जातं म्हणून हाताची बोटं गार, पोटाचं काम बंद म्हणून भूक नाही, तोंडाला कोरड. आण्णा मधेच म्हणाले, "भरतीला सोळाशे मीटर किती वेळात मारलं?" साडेपाच मिनिटांच्या आत, पैकीच्या पैकी मार्क. "सुरुवातीच्या रेषेवर उभा होतास तेव्हा हात गार होते का?" होते. "मग तेव्हा गोळी घेतलीस का?" पोरगा गप्प.

त्यानंतर दोघं सकाळी संभाजी तलावाकडं जायला लागले. पळणं वगैरे त्याला आधीच येत होतं, त्यात शिकवायचं काही नव्हतं. हिंदीचं काम सोपं निघालं, आण्णा जाता-येता त्याच्याशी फक्त हिंदीत आणि ते पण ओरडून बोलायचे, फौजेतली ती एक वेगळीच हिंदी असते, दहा दिवसांत पोरगा घरी बहिणीला "जल्दी जल्दी हरकत कर" म्हणायला लागला. रोपला माझ्या ओळखीच्या एका आखाड्यातला मल्लखांबाचा दोर कामाला आला. ह्या दोन गोष्टी झाकणावरून खोडल्या गेल्या आणि मला वाटतं तिथंच पोराचा थोडा विश्वास बसला.

द्रासचं त्यांनी कधी सांगितलं तर एकदा दुपारी, दुकानात कुणी नव्हतं, बाहेर कुत्रं पण दिसत नव्हतं. पोरानं विचारलं, आण्णा तुम्हाला भीती वाटली होती का. मला वाटलं आता नेहमीचं येणार, थंडी लई होती.

"मला माझा नंबर आठवंना," आण्णा म्हणाले. तोफेवर प्रत्येकाला नंबर असतो, नंबर वन म्हणजे तुकडीचा प्रमुख, बाकी कुणी गोळा आणायचा, कुणी भरायचा, कुणी चार्ज म्हणजे मागची दारू, ते सगळं झोपेत पण करता यावं इतकं घोटून घेतलेलं असतं. द्रासला रस्ता खाली आणि दुश्मन वर, तोलोलिंगच्या शिखरावर बसून त्यांना आपल्या गाड्या सुद्धा दिसत होत्या, तिथून बघून ते गोळे टाकायला सांगायचे. "पहिला जवळ पडला तेव्हा आवाज मला आधी पोटात ऐकू आला. कानात नंतर. मग उठलो तर कुठं जायचं तेच कळंना. सात-आठ वर्षं जे केलं ते सगळं पुसून गेलं. उभाच राहिलो. नंबर वन हवालदार होता आमचा, त्यानं शिव्या दिल्या नाहीत काय नाही. एक फडकं फेकलं माझ्या अंगावर, म्हणला गोळा पूस."

गोळा भरायच्या आधी पुसून घेतात, माती-धूळ राहू नये म्हणून. आण्णांनी पुसला. पुसलेलाच होता तो, परत पुसला. मग दुसरा. "तिसऱ्या-चौथ्या गोळ्याला हात माझे झाले. मग नंबर आठवला. भीती तिथंच होती हां, कुठं गेली नव्हती, शेजारी उभी होती. पण हाताला काम होतं." कारगिलमध्ये आपल्या बाजूनं सगळे मिळून अडीच लाखाच्या आसपास गोळे, बॉम्ब, रॉकेट गेले असा आकडा सांगतात, त्यातले किती मी पुसले देवाला माहीत, असं म्हणून हसले. १३ जूनला तोलोलिंग घेतलं, ४ जुलैला टायगर हिल. पोरगा लगेच टायगर हिलचं विचारायला लागला तर आण्णांनी हात वर करून थांबवलं. "आम्ही तोफेपाशी होतो. कडा चढली ती पोरं वेगळी. त्यांच्या भीतीबद्दल मी काय बोलणार नाही, तो मला अधिकार नाही."

मी तेव्हा मनात म्हणलं, हा माणूस पंधरा ऑगस्टला घरी का जातो ते आता कळलं.

मधे गड्डा यात्रा आली. सिद्धेश्वराची, जानेवारीतली, नंदीध्वजांची, सोलापूरकराला सांगायला नको. किंक्रांतीच्या रात्री होम मैदानावर शोभेचं दारूकाम असतं, अख्खं गाव लोटतं. आण्णा पोराला घेऊन गेले. मला दुकान सोडून जाता आलं नाही, पोरानं दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं ते सांगतो. गर्दीत मागच्या बाजूला उभे होते, पहिला मोठा बार झाला आणि आण्णांनी त्याचं बोट धरून स्वतःच्या मनगटावर ठेवलं. मोज म्हणाले. पोरगा घड्याळ बघून मोजत राहिला, एकशेवीसच्या पुढं जात होतं, उभ्या उभ्या, काही न करता. आण्णा वर आकाशाकडं बघत होते, चेहऱ्यावर काही नाही. आजूबाजूला बारकी पोरं टाळ्या वाजवायलेली. पोरगा म्हणला, आण्णा घरी जायचं का. तर म्हणाले कशाला, रिटायर झाल्यापासून दरवर्षी येतोय की. संपेपर्यंत थांबले, नंतर मिरची भजी खाल्ली आणि बीपी असताना भजी का खाल्ली म्हणून मी त्यांना बोललो ते वेगळंच.

पोरगा मला म्हणला, काका, मला वाटायचं त्यांची गेली असंल.

आता पाणी. ह्याच्यावर जास्त लिहितो, कारण इथं मी स्वतः बघितलंय. बेळगावला पोहायला लावतात असं त्याला कुणीतरी सांगून ठेवलेलं आणि ह्याला पाण्याची धास्ती. कारण आपल्याकडचं नेहमीचंच. लहानपणी मामाच्या गावाला विहिरीवर कुणीतरी मोठ्यानं मागून ढकललं, पोहायला असंच येतं म्हणून. आमच्या पिढीतली अर्धी पोरं तसंच शिकली हे खरं आहे, पण उरलेली अर्धी परत विहिरीकडं फिरकली नाहीत त्यांचं कुणी बोलत नाही. ह्याच्या नाकातोंडात पाणी गेलं, वर काढलं, सगळे हसले, विषय संपला. त्याच्यासाठी संपला नव्हता.

आण्णांच्या मेहुण्याचं तुळजापूर रोडच्या बाजूला रान आहे, तिथं बांधीव विहीर, काळ्या दगडाची, आतपर्यंत पायऱ्या, काठावरच्या बाभळीला सुगरणीचे खोपे लोंबतात ते पाण्यावरच. एका रविवारी दुकान अर्धा दिवस बंद ठेवून मी पण गेलो. तोपर्यंत त्यांचे बरेच रविवार झालेले होते. आधी नुसतं काठावर बसायचं, मग पायरीवर, मग पाय पाण्यात सोडून बसायचं आणि शेंगा खायच्या, एवढंच. त्या दिवशी कमरेपर्यंत उतरायचं होतं. पाठीला डबा बांधलेला, दोराची गाठ आण्णांनी स्वतः मारलेली आणि तीनदा ओढून बघितलेली.

आण्णा चड्डी-बनियनवर पाण्यात, पाय मारत एका जागी तरंगत. पोरगा पाण्याखालच्या पायरीवर, शेवाळ होतं त्यावर, पायाची बोटं दगडाला अशी रुतवलेली की नखं पांढरी झाली होती. मी वरून म्हणालो आण्णा हात द्या की त्याला. तर म्हणाले, "हात देणार नाही. हात दिला की सगळं ध्यान हातावर जातंय, सुटला तर काय ह्याच्यावर. पायरी बघ बे. श्वास सोड. घेऊ नको, सोड. आजी चुलीत फुंकणी फुंकती बघ, तसा लांब सोड." पोरानं ओठ गोल करून श्वास सोडला, आवाज विहिरीत घुमला. श्वास सोडताना हृदयाचा वेग जरा खाली येतो, हे खरंच आहे, म्हणून लांब सोडला की धडधड थोडी बसते, आण्णांना हे कुणी शिकवलं विचारलं तर म्हणाले रायफलनं, घोडा दाबायच्या आधी श्वास सोडून थांबायचं असतं.

एक पायरी उतरला. पाणी मांडीला लागलं आणि झटकन दोन पायऱ्या वर आला, दात वाजायलेले. मला वाटलं झालं आजचं. आण्णा म्हणाले, "वर आलास ते चालतंय. पण वर येऊन थांबायचं, कपडे घालून घरी जायचं नाही. तिथंच उभा राहा ती उतरंपर्यंत." उभा राहिला. किती वेळ ते मी बघितलं नाही, पंपाच्या पाईपवर एक खंड्या येऊन बसला होता, तो दोनदा सूर मारून परत आला. मग पोरगा आपणहून उतरला. मांडी, मग कंबर. कंबरेला पाणी लागलं तेव्हा तोंडातून शिवी गेली त्याच्या आणि लगेच माझ्याकडं बघून जीभ चावली.

घरी येताना गाडीवर मी विचार करत होतो की ही गोष्ट मी वाचलेली आहे. जोसेफ वोल्पे म्हणून डॉक्टर होता, दुसऱ्या महायुद्धात दक्षिण आफ्रिकेच्या सैन्यात होता. युद्धानं हादरलेले सैनिक त्याच्याकडं यायचे, त्यांना औषध देऊन गुंगीत बोलतं करायची तेव्हा पद्धत होती, पण त्याचा गुण टिकंना. म्हणून हा पठ्ठ्या दुसऱ्या वाटेला लागला, शरीर सैल सोडायला शिकवायचं आणि ज्याची भीती तिच्याकडं पायरी पायरीनं न्यायचं, आणि १९५८ ला त्यानं ती पद्धत नीट मांडली. आज मानसोपचारवाले भीतीवर जे करून घेतात त्यातलं बरंचसं ह्याच घराण्यातलं आहे. आणि वर येऊन थांब पण घरी जाऊ नको हे आण्णांचं वाक्य तर सोन्यासारखं आहे, कारण पळून गेलं की जो सुटल्याचा आनंद होतो ना, तोच शरीराला शिकवतो की पळालो ते बरोबर होतं, आणि पुढच्या वेळी भीती आणखी मोठी होऊन येते. मी हे सगळं आण्णांना मोठ्या उत्साहानं सांगितलं. ते म्हणाले, "बरोबर आहे. त्याला पण कुणीतरी विहिरीत ढकललेलं असंल."

आईच्या दम्याचं माझ्याकडं लागलं. आण्णांनी झाकण माझ्यापुढं धरून सरळ सांगितलं, मालक हे तुमचं खातं. पोराच्या बहिणीला दुकानात बोलावलं आणि इन्हेलर शिकवला. तिच्या आईचं चाललेलं बघितलं तर चुकीचंच होतं, तोंडात धरून दाबायची आणि लगेच खोकायची, औषध सगळं जिभेवर. आधी हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, मग दाबत दाबत सावकाश आत ओढायचा आणि दहा आकडे मोजेपर्यंत धरून ठेवायचा. स्पेसर लावून दिला, आणि मागच्या आकड्यावरून किती डोस उरलेत ते बघायला शिकवलं. रात्री त्रास वाढलाच तर कुठल्या दवाखान्यात न्यायचं, कोणत्या रिक्षावाल्याला फोन करायचा, तो नंबर तिनं मोबाईलात माझ्यासमोर सेव्ह केला. पोरगी भावापेक्षा चलाख आहे, तिनं आईला दुसऱ्या दिवशी माझ्यापेक्षा कडक आवाजात शिकवलं. पोरानं स्वतःच्या हातानं ती ओळ खोडली. माझ्या मते अख्ख्या झाकणावर सगळ्यात जास्त जीव खाणारी तीच ओळ होती, आणि तिच्यावर उपाय किती साधा निघाला.

मरणाचं दोघं दुकानाबाहेरच्या कट्ट्यावर बसून बोलले, मी आत होतो. कानावर फक्त एवढंच आलं की आण्णा कुणाकुणाची नावं घेत होते.

राहिलं 'चार वर्षं'. मला सुरुवातीला वाटलं होतं चार वर्षं घरापासून लांब राहायची भीती असंल. तसं नव्हतं. अग्निपथ योजना २०२२ च्या जूनमध्ये आली तेव्हापासून हिशोब सगळ्यांना पाठ आहे, चार वर्षं नोकरी, आणि त्यातले जास्तीत जास्त पंचवीस टक्के पुढं कायम. बाकीचे सेवानिधीचे पैसे घेऊन घरी. पोराची भीती घरी यायची होती. "तेविसाव्या वर्षी परत आलो तर लोक म्हणणार काढून टाकला. फ्लेक्स लावलाय आण्णा, सगळ्या गल्लीनं बघितलाय."

एकोणीस वर्षांचं पोर ज्याला गोळीपेक्षा गल्लीची भीती जास्त वाटते. मला नवल वाटलं नाही, सोलापुरात काय आणि कुठं काय, आपल्याकडं लोक काय म्हणतील ह्याच्यापुढं तोफखाना काहीच नाही.

आण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "ह्याच्यावर माझ्याकडं काय नाही बे. मी पेन्शनवाला माणूस, मला पंचवीसच्या वर वर्षं मिळाली. तुझी चार वर्षं मी काढलेली नाहीत, तर मी तुला कसं सांगू." मला तो माणूस त्या क्षणी जेवढा आवडला तेवढा द्रासच्या गोष्टीनं पण आवडला नव्हता. दुसऱ्या कुणी काहीतरी ठोकून दिलं असतं, मेहनत कर, पंचवीस टक्क्यात येशीलच. आण्णांनी ते केलं नाही. ती ओळ त्यांनी खोडली पण नाही, तिच्याखाली रेघ मारून हिशोब मांडायला बसले. पहिल्या वर्षी महिना तीस हजार, त्यातले तीस टक्के सेवानिधीला कापून हातात एकवीस. त्यातले घरी किती, स्वतःला किती, बहिणीच्या नावानं आरडी किती. इग्नूची अग्निवीरांसाठीची डिग्री आहे ती पहिल्याच संधीला लावायची. हेवी ड्रायव्हिंगचं जमलं तर बघायचं. असं झाकण भरत गेलं, पार कडेला उभं लिहावं लागलं. पोरगा म्हणला भीती आहेच अजून. आण्णा म्हणाले असू दे, लिहिलेलं आहे ना, वाचत जा अधूनमधून.

निघायच्या आदल्या दिवशी दुकानात आला, आधी कोल्हापूरच्या भरती ऑफिसला हजर व्हायचं होतं. मित्रांना स्टँडवर डीजे लावायचा होता तो वडिलांनी कसाबसा मोडून काढला. मी त्याला बँडेज, अँटिफंगल पावडर, ओआरएसची पाकिटं दिली. आण्णांनी त्याचे बूट उलटे करून तळ बघितले, नेलकटर दिलं आणि म्हणाले, "नखं सरळ कापायची, कोपरे गोल करायचे नाहीत. मोजे रोज धुवायचे, वाळले नाहीत तर ओले घालायचे नाहीत, दुसऱ्याचे मागून घाल." पोरगा पाया पडायला वाकला तर त्याला मधेच धरून सरळ उभं केलं आणि हात मिळवला. गेला.

परवा रविवारी त्याचा फोन आला, दुकानाच्या नंबरवर. मागं दुसरी पोरं रांगेत होती त्यामुळं घाईघाईत बोलत होता. आवाज बसलेला, म्हणला ओरडून ओरडून बसलाय. आईला विचारलं, बहीण डोसचा आकडा बघते का विचारलं, बघते म्हणलं. पोहायचं झालं का म्हणलं, तर म्हणे अजून नाही, पुढं आहे म्हणतात.

"भीती वाटतीय का?"

"वाटायलीय की काका. ते सोडा, टाचेला फोड आलाय, फोडू का?"

स्टुलावरून पेपर खाली आला. "फोडू नको म्हणावं! द्या इकडं तो फोन," म्हणून आण्णांनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला आणि उरलेला सगळा वेळ दोघं मोज्यांवरच बोलत राहिले.